तुमची लाल गाडी आणि माझी अक्कल

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला अगदी खराखुरा. हल्ली मी रोज तळघरातल्या पार्किंगमध्ये फरशीवर पालथा पडून, टॉर्च मारून तुमच्या गाडीच्या पोटाखाली बघत असतो, तेव्हा नमस्कार आपोआपच घडतो.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा पारा कसा आहे? इकडे आम्ही दोघं ठीक. गाडीही ठीक आहे. म्हणजे, जिथे आहे तिथे ठीक आहे.

पत्रास कारण, तुमचा रविवारचा बेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर तुम्हाला क्लचवर पाय ठेवू देणार नाहीत, म्हणून त्याआधी एकदा लाल गाडी नदीपर्यंत स्वतः चालवायची, एवढीच तुमची इच्छा आहे असं मामी फोनवर म्हणाल्या. मामा, गाडी माझ्या हवाली करताना तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "जशी आहे तशी ठेव." मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

सुरुवात अगदी साधी होती. गिअरची मूठ तेवढी बदलली. मग त्या चकचकीत मुठीपुढे स्टिअरिंग म्हातारं दिसायला लागलं, म्हणून शर्यतीच्या गाडीचं छोटं स्टिअरिंग आणलं. (ते माझ्या पोटाला टेकतं. वळण घ्यायचं तर आधी श्वास आत घ्यावा लागतो.) मग सायलेन्सर बदलला. त्याचा आवाज पहिल्यांदा घुमला तेव्हा इमारतीचे सेक्रेटरी, तोंडाला साबण तसाच, बनियनवर खाली धावत आले. त्यांना वाटलं पाण्याचा पंप फुटला. मी मात्र कॉलर ताठ करून उभा! या वयात, या टकलाला, कोणी तरी घाबरलं याचाच मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

मग आल्या सीट. शर्यतवाल्यांच्या असतात तशा, दोन्ही बाजूंनी माणसाला कवेत घेणाऱ्या. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, वळणावर हलणारसुद्धा नाही." खरं बोलला बिचारा. मी वळणावरच काय, गाडी थांबल्यावरसुद्धा हलत नाही. हिने येऊन दोन्ही हात धरून ओढावं लागतं.

इथे थांबलो असतो तर आज तुम्हाला तोंड दाखवायला जागा उरली असती. पण मला शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा मागे आडवा पंख हवा होता. गाडी गॅरेजच्या धुळीत नको, म्हणून मेकॅनिकला घरीच बोलावलं (ही तुमच्या गाडीची काळजी बरं का!) आणि पार्किंगमध्येच डिकीवर भलामोठा पंख बसवून घेतला. बसवल्यावर लक्षात आलं की वर जायच्या उताराच्या तोंडाशी छताला पाण्याचा पाइप आहे, आणि पंख त्याला अडणार. शहाण्या माणसाने पंख काढला असता. मी गाडी खाली घ्यायला लावली. स्प्रिंगा बदलून तिला इतकी खाली बसवली की पंख पाइपाखालून ऐटीत जावा. मी आणि मेकॅनिकने वरचं अंतर टेप लावून पुनःपुन्हा मोजलं, एकमेकांची पाठ थोपटली, आणि गाडी सुरू केली. पंख सुखरूप गेला हो मामा, पण पोट घासलं. उताराची चढण जिथे सुरू होते तिथे असा काही खर्रर्र आवाज झाला की माझ्याच पोटात कळ आली. वरून मोजताना खालून मोजायचं राहूनच गेलं होतं.

तेव्हापासून गाडी तळघरात आहे. जगातली ही एकमेव शर्यतीची गाडी असेल जी खांबापासून खांबापर्यंत धावते. शेजारच्या काकू भाजीची पिशवी पंखावर टेकवून दम खातात. मी ऑफिसातून आलो की कपडे न बदलता तिच्यात जाऊन बसतो आणि इंजिन नुसतंच चालू करतो. (चष्मा तेवढा काळा लावतो. हसू नका.)

एक संध्याकाळ मात्र सांगायलाच हवी. ही मला ओढून काढायला आली, आणि "बघू तरी काय आहे" म्हणत शेजारच्या सीटवर बसली. झालं! दोघंही अडकलो. सुटका करायला कोणी येईपर्यंत करणार काय, बोलत बसलो. तिच्या लॅबमधला नवा साहेब तिला सगळ्यांसमोर टाकून बोलतो, हे मला तिथे कळलं. घरात आम्ही काय बोलतो? किल्ली कुठे, गॅस बंद केलास का, झोपताना दिवा घालव. दुसऱ्या दिवशी ती थर्मास घेऊनच आली. आता रोज येते. त्या साहेबाची नक्कल करते, मी हसतो, मग तीही हसते. मामा, मला फार बरं वाटतं. लग्नानंतर इतकं बोललोच नव्हतो आम्ही.

तर रविवारी या. गाडीची दशा बघून काय बोलायचं ते बोला, मी मान डोलावीन. मामींना नमस्कार.

तुमचा नालायक,
भाचा

ता.क. घाबरू नका, तुमची फेरी होणार. जुन्या स्प्रिंगा डिकीतच आहेत, चादरीखाली. (चादर कधी टाकली आठवत नाही, पण टाकली ते बरं केलं.) मेकॅनिक म्हणतो, पंख काढून त्या परत बसवणं हे एका सकाळचं काम. हे तो मला कधीपासून सांगतोय. हिला मी बोललेलो नाही. गाडी बाहेर पडायला लागली, तर हिचा थर्मास खाली यायचा नाही.

आणखी एक. शनिवारी त्या बसवून घेतो. पण नदीवरून परत आलात की हिच्यादेखत, मोठ्या माणसाच्या अधिकाराने, एवढं म्हणा की गाडी खाली बसलेलीच शोभत होती, पुन्हा तशीच कर. माझी एवढी विनंती माना.

(वेगळ्या अक्षरात)
मामा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. स्प्रिंगा डिकीत उघड्याच पडल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात दिसल्या. चादर मी टाकली. रविवारी ते म्हणतायत तसं नक्की म्हणा, आणि जरा दरडावून म्हणा. — सूनबाई