मामांची एकोणिसावी खेळी

तीर्थस्वरूप मामांस,

चष्मेवाल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? एकटा जीव सदाशिव म्हणून जेवणाची हेळसांड करू नका. इकडे सगळे मजेत. मी तर इतका, की आई म्हणते, याला दृष्ट लागेल, नाहीतर वेड!

मामा, तुमची ती वही! तुम्ही जिंकलेल्या बुद्धिबळाच्या डावाची, जिचं नाव काढलं की लहानपणी आम्ही धूम ठोकायचो (क्षमा असावी). तीन आठवडे तिचाच अभ्यास चाललाय. काय ती सुरुवात! दुसऱ्याच खेळीला उंटापुढचं प्यादं फुकट देऊन टाकायचं, जशी काही आपल्याकडे पोत्याने पडलीत! मग घोडा, मग उंट, आणि समोरच्याला वाटावं, हा माणूस शुद्धीवर नाही. पट दुकानात गल्ल्याशेजारीच मांडलाय. (त्या नादात एका वकिलांच्या चष्म्याच्या काचांची अदलाबदल झाली. बिचारे दोन दिवस, नसलेल्या पायऱ्या चढत होते.) दोन्ही बाजूंच्या अठराही खेळ्या तोंडपाठ. त्यापुढे तुमच्या अक्षरात, 'यापुढे लिहायची गरज उरली नाही.' वा! याला म्हणतात रुबाब.

तर काल वाचनालयाच्या स्पर्धेची उपांत्य फेरी झाली. समोर निवृत्त नर्सबाई; भल्याभल्यांना पाणी पाजलेली बाई. मी छातीठोकपणे प्यादं दिलं. आणि काय सांगू, बाईंनी वहीतलंच उत्तर दिलं! मग पुढचंही, त्याच्या पुढचंही, अठराच्या अठरा! आनंदाने मला खुर्चीत बसवेना. बाई मात्र पटाकडे कमी आणि माझ्या नाकाकडेच जास्त बघत होत्या (ते तुमच्यावर गेलंय म्हणे). तेवढ्यात वाचनालय बंद व्हायची वेळ झाली आणि डाव शनिवारवर गेला. मी जिंकणारच, असं अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय.

आपला लाडका भाचा

ता. क. : पत्र खरं तर यासाठीच. एकोणिसावी खेळी कोणती? उलट टपाली कळवा. माझी अब्रू तुमच्या हातात आहे.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार, इतक्यात नर्सबाईच दुकानात आल्या. पत्ता वाचून म्हणाल्या, "त्यांना कशाला विचारतोस? एकोणिसाव्या खेळीला त्यांनी वजीर पुढे काढला, बाविसाव्याला मी मात केली. 'उद्या पुन्हा खेळू' म्हणाले आणि तीस वर्षं फिरकले नाहीत. शनिवारी तुझ्या खुर्चीत ते बसले तरी मला चालेल."

अहो मामा! खेळीबिळी काही कळवू नका. स्पर्धा गेली खड्ड्यात. स्वतः या! आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्याला म्हणावं, दाढी करून ये."