गाळलेली ओळ

सेक्टर १५, चंडीगड
१४ मार्च १९८८

प्रिय पद्मजावहिनी,

नमस्कार. पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. परवा पुन्हा बंद होता. कुठेतरी गोळीबार झाला म्हणे. मी सुखरूप आहे, उगाच काळजी करत बसू नका.

तुम्ही लिहिलंय, 'कंबर जरा धरलीय'. जरा? दादानं खरं कळवलंय. पाय बधिर होतोय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. तुम्ही पण ना, वहिनी!

परवाचं सांगते. बसच नव्हत्या, त्यामुळे वॉर्डबॉय आलेच नाहीत. पिंजौरचे एक सहा फुटी सरदारजी, अर्धांगवायूचे पेशंट, त्यांना खुर्चीत बसवायचं होतं. मी एवढी शिकलेली फिजिओथेरपिस्ट, जोडीला माणूस शोधत फिरत होते. तेवढ्यात त्यांची सून नसीब कौर, अंगानं तुमच्याहून बारीक, पुढे झाली. गुडघ्यांत वाकली, सासऱ्यांना सरळ कवेत घेतलं आणि उठली. अहो, एवढा देह अलगद वर आला! पाठ ताठ, सगळा भार मांड्यांवर. 'संकोच नाही वाटत?' मी विचारलं.

'बच्चा वी तां छाती नाल ला के चुक्कीदा ए,' ती हसून म्हणाली. मूलसुद्धा छातीशी धरूनच उचलतात ना!

वहिनी, दिवाळीत मी तुम्हाला अंथरुणाला खिळलेल्या अण्णांना उचलायची पद्धत लिहून पाठवली होती. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, कमरेतून वळू नका. मुख्य गोष्ट लिहिलीच नाही. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका कमरेच्या मणक्यांवर ताण जास्त. हे मला तोंडपाठ आहे. पण सुनेला 'सासऱ्यांना छातीशी धरा' असं कसं लिहायचं? म्हणून ती ओळ गाळली. त्याआधी मे महिन्यात घरी आले तेव्हा तर डोळ्यांनी पाहिलं होतं, तुम्ही पदर सावरत, हात लांब करून त्यांना उचलत होतात. तेव्हाही गप्प बसले.

असं दोन वर्षं, दिवसातून सहा वेळा! आमचे दांडगे वॉर्डबॉय आठवड्यात आडवे झाले असते. कुठून आणलंत एवढं बळ? तुमच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

रजा मंजूर झालीय. पंचवीसला पोचते. तोवर अण्णांना दादाच उचलेल, त्याला हे पत्र वाचायला द्या. मी आल्यावर मी उचलीन. मोठी झाल्यापासून अण्णांना कधी मिठी मारलेली नाही. पोटच्या लेकीलाही लाज वाटतेय बघा. तरी छातीशी धरूनच उचलीन.

तुमची कंबर जिच्या लाजेनं मोडली, ती
उल्का