साठ अंशांवर रेंगाळलेले मासे

प्रिय बाबा,

तुमच्या तळ्यातल्या माशांत काहीही खोट नाही. हे वाक्य आधी दोनदा वाचा, मग चष्मा पुसायचा तर पुसा. तुमच्या मासळीच्या वाफवलेल्या रोलचा हातात धरताच भुगा होतो, असं म्हणून आमच्या कारखान्याच्या मॅनेजरने माल परत पाठवला, तेव्हा मी तिथेच वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत होते. मला कोणी विचारलंही नाही. आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत, माशांचं खाद्य बदललंत, पाणी बदललंत, हे आईकडून कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या पोराने माझी सायकल मोडली होती, तेव्हाही माफी तुम्हीच मागून आला होतात!

आता नीट ऐका. माशाचा गर मीठ घालून वाटला की चिकट होतो, ती मायोसिन नावाच्या प्रथिनाची करामत. चाळीस अंशांच्या आसपास, हलक्या उबेत, त्याचे धागे एकमेकांना धरून जाळं विणतात. पुढे भरपूर तापवलं की ते जाळं पक्कं होतं आणि रोल लवचीक होतो. पण मध्ये, साठ अंशांपाशी, गोम आहे. माशाच्याच मांसातलं एक एन्झाइम तिथे जोर धरतं आणि विणलेलं जाळं कुरतडत सुटतं. तिथून झपाट्याने पुढे जायचं असतं, रेंगाळलं की संपलं. आपल्या तळ्यातल्या माशांना तर हे फारच बाधतं. आणि मॅनेजरसाहेबांनी काय केलं? काम लवकर उरकावं म्हणून वाफेच्या पेटीत रोलचे ट्रे इतके खेटून लावायला सांगितले, की मधल्या ट्रेंना धड वाफच पोचेना. तिथला माल बराच वेळ साठवरच कुढत बसला. घाई त्यांची आणि खराब म्हणे तुमचे मासे.

मी परत निघालेल्या मालातलेच मासे उचलले. एकाच वाटणाचे दोन रोल वळले. एक त्यांच्यासारखा खेटून ठेवला, दुसरा मोकळ्या, जोरदार वाफेत. आमच्याकडे पारख सोपी असते, पातळ चकती कापायची आणि रुमालासारखी घडी घालायची. त्यांच्या पद्धतीची चकती पहिल्याच घडीला तुटली. दुसरी दुहेरी झाली, चौपदरी झाली, सोडल्यावर पुन्हा सरळ झाली. मॅनेजरच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी, मी ती घडी घालून दाखवली. त्यांनी बघितलं, चहा संपवला आणि ते म्हणाले, की तळेवाल्याची मुलगी तळ्याचीच बाजू घेणार. अहवालात मासे खराब असं लिहायचं, नाहीतर घरी बसायचं.

तुम्हाला माझं भांडणं आवडत नाही, ठाऊक आहे. भांडकुदळ हे नाव तुम्हीच ठेवलंत. मी शिकून मोठ्या ऑफिसात बसावं, माझ्या हातांना मासळीचा वास लागू नये, म्हणून तुम्ही कडाक्याच्या थंडीत कमरेएवढ्या पाण्यात जाळी ओढलीत. पण मला तो वास कधीच नकोसा झाला नाही. बसमध्ये लोक तुमच्याकडे बघून नाक मुरडायचे, तेव्हा मी मुद्दाम तुम्हाला आणखी चिकटून बसायचे. खूप राग यायचा मला त्यांचा. तुम्ही मात्र खिडकीकडे सरकायचात.

आता पत्राचं कारण. तुम्ही तळं विकायला काढलंय आणि शनिवारी ते उपसायला पंप येणार आहे, असं आई म्हणाली. फोन केला असता तर तुम्ही ‘जाऊ दे गं पोरी’ म्हणून ठेवून दिला असता. तो पंप आल्या पावली परत पाठवा. मी खरा अहवाल लिहिला, खाली ठसठशीत सही केली आणि नोकरी सोडली. शुक्रवारी पोचतेय. खाद्याची खोली रिकामी करून ठेवा, वाफेची पेटी तिथे बसवू. यापुढे आपल्या माशांचे रोल आपणच करायचे. हातांना वास लागेल, बाबा. लागू दे.

तुमचीच,
भांडकुदळ