होडीवालीचं गाळलेलं पान

अप्पा,

आई हल्ली दर रविवारी दुपारी जपानी कार्टून बघते. नुसती बघत नाही, त्यातल्या चुका काढते. तुम्ही चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत विचारलं असतं, "कोण, आपली ही?" हो, हीच. मी कॉलेजात गेले तरी कार्टून बघते म्हणून जी तुमच्याशी भांडायची, तीच. तुम्ही तेव्हा माझी बाजू घ्यायचात, पण तिच्यासमोर नाही. देवराज मोहल्ल्यातल्या आपल्या मॅचिंगच्या दुकानात मी ब्लाउजपीसच्या घड्या घालत बसलेली असायची. संध्याकाळ व्हायला लागली की तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "जा आता, तुझी माणसं आली असतील." माझी माणसं म्हणजे ती मोठ्या डोळ्यांची, उभ्या केसांची, टीव्हीवर हिंदीत बोलणारी जपानी माणसं. तुम्ही त्यांना कधी बघितलं नाहीत. तरी त्यांची वेळ तुम्हाला पाठ होती.

त्याच दुकानात तुम्ही मला एकदा बोललात, ते अजून कानात आहे. एका बाईनं अस्तर मिळतंजुळतं करायला साडी आणली होती आणि मी ती बघून "हा रंग कसला मेला" असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. ती साडी ठेवून गेल्यावर तुम्ही पदर माझ्या हातात दिलात. "ट्यूबलाइटखाली बघून बोललीस. बाहेर उन्हात नेलीस का? नाही ना? मग बोलायचं नाही. वाईट म्हण, पण उन्हात बघून म्हण." मी पदर घेऊन रस्त्यावर उभी राहिले. आपलं घराणं रंगाऱ्यांचं, आजोबांनी रंगाचे हौद बंद केले तरी बोलणं तिथलंच राहिलं, असं मला त्या दिवशी रागानं वाटलं होतं. रंग मात्र बाहेर खरंच वेगळा दिसला. जांभळ्यात आत कुठंतरी लाल होता.

आता मी तेच करते, साड्यांचं नाही, त्या मालिकांचं. पोटासाठी एका सॉफ्टवेअर कंपनीत सूचना-पुस्तिका लिहिते आणि रविवारी ॲनिमेवर, म्हणजे त्याच जपानी कार्टूनवर, लिहिते. जपानमध्ये एखाद्या मालिकेचा भाग लागला की थोड्या वेळात तो इथं फोनवर येतो, खाली इंग्रजी अक्षरं असतात. मी तो दोनदा बघते आणि इंटरनेटवरच्या माझ्या पानावर लिहिते, काय जमलं, काय फसलं, कुठं चित्रं काढायला वेळ नव्हता म्हणून नुसतं आकाश दाखवलं. बहुतेक मालिका आधी छापून आलेल्या चित्रकथांवरून बनतात, त्यांना मांगा म्हणतात. मी त्या आधीच वाचलेल्या असतात. त्यामुळे मूळ कथेतलं पान कुणी गाळलं, वाक्य कुणी बदललं की मला लगेच कळतं, आणि मग मी सोडत नाही. वाचणारे थोडेच आहेत, पण नेमानं वाचतात आणि नेमानं भांडतात.

आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला विजयनगरच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. तुम्ही गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी बोलत होतो ते फक्त गॅस, पाणी आणि लाइटबिल. भांडण नव्हतं. ती तुमच्याबद्दल काही बोलायची नाही, म्हणून मीही बोलायची नाही. तुम्ही गेल्यावर ती रडली नाही, आणि मला वाटलं, तिला तितकं लागलं नसावं. असं मनात धरून मी इतकी वर्षं काढली.

त्या रविवारी ती डोळ्यांत थेंब घालून कोचावर आडवी होती. डॉक्टरांनी पडद्याकडं बघू नका सांगितलेलं. मी शेजारी बसून नवीन मालिकेचा भाग बघत होते.

"कोण रडतंय गं ते?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"एक मुलगी आहे. होडी चालवते. दोन बेटांमध्ये लोकांची ने-आण करते."

"सुम्मने रडते?"

"उगीच नाही. तिचे वडील गेलेत. त्यांचीच होडी आहे."

"हं," म्हणाली. मला वाटलं झोपली. पुढच्या रविवारी मी फोन उघडला तेव्हा तिनंच विचारलं, "ती होडीवाली आली का?"

अशी सुरुवात झाली. ती ऐकायची आणि मी खालची इंग्रजी अक्षरं आपल्या घरच्या मराठीत सांगत जायची, निम्मी मराठी, निम्मं कन्नड, जसं येईल तसं. चित्रंही सांगायची, आता पाऊस आहे, आता म्हातारा चढला, त्याच्या हातात कोंबडी आहे. नवीन चष्मा आल्यावर तिनं त्या मुलीला पहिल्यांदा बघितलं आणि ती चक्क नाराज झाली. "अय्यो, ही अशी आहे होय? मला वाटलं चांगली काळीसावळी असेल. दिवसभर उन्हात होडी हाकते ना? आणि बोटं बघ, मेणबत्त्या नुसत्या. अशा बोटांनी वल्हं मारता येतं?"

मी हसत हसत ते लिहून काढलं आणि माझ्या पानावर 'आईचं म्हणणं' म्हणून शेवटी टाकलं. लोकांना माझ्या लेखापेक्षा तेच आवडलं. मग दर आठवड्याला ती सांगायची आणि मी टाकायची. "यांना मनातलं बोलायला सूर्य मावळायलाच का लागतो? सकाळी बोललं तर काय होतं?" किंवा, "म्हातारा चांगला आहे, पण त्याला फार शहाणा केलाय. म्हातारी माणसं एवढी शहाणी नसतात, मला विचार." एकदा तिनं जे पकडलं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "त्या पोरीला आई आहे ना? मग ती कुठं असते? दर वेळी पाठमोरी, भांडी घासताना. तिचा नवरा मेलाय, पोरीचा नुसता बाप मेलाय. तिला कुणी काही विचारतच नाही." मी ती चित्रकथा दोनदा वाचलेली होती. मला ती पाठमोरी बाई दिसली नव्हती.

मग तो भाग आला. मालिका संपत आली होती आणि वडील कसे गेले ते त्यात दाखवलं. ते घरी आजारी आहेत, पलीकडच्या बेटावर जत्रा आहे. ते बायकोला आणि मुलीला म्हणतात, जा, तुम्ही दोघी जाऊन या, मी बरा आहे. दोघी जातात. तिकडं दिवे, खाणं, गर्दी. परत येतात तेव्हा सगळं झालेलं असतं. चित्रं सुंदर होती, मी मनात लेखाचं पहिलं वाक्यही जुळवायला लागले होते. आई उठून उभी राहिली.

"साकु. बंद कर ते."

"का गं? आता तर..."

"मुद्दाम पाठवलं त्यानं."

"कुणी?"

"त्यानं." ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती, माझ्याकडं न बघता. "आणि तुझ्या अप्पांनी."

अप्पा, तुम्ही गेलात त्या दिवसाचा विषय आम्ही दोघींनी पहिल्यांदा एकमेकींसमोर काढला. हॉस्पिटलमधली ती दुपार. आई सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता तुमच्या उशाशी बसलेली. तुम्ही म्हणालात, "घरी जा, जेवून या दोघी. मी कुठं पळून चाललोय?" तुमचा आवाज इतका नेहमीसारखा होता की आम्ही गेलो. आईनं घाईघाईनं सारू-भात केला. ती भुकेली होती. तिनं भात वाढून घेतला, मग पुन्हा घेतला, मग दही घेतलं. फोन वाजला तेव्हा तिचा उजवा हात दहीभातात होता आणि तिनं डाव्या हातानं फोन उचलला. हे मी बघितलेलं आहे. हात मात्र माझ्या मनात राहिला नव्हता. तिच्या राहिला होता.

"पोटभर जेवले मी," ती म्हणाली. "ते तिकडं असे, आणि मी इथं दही मागून घेतलं. चव लागत होती गं मला. चव लागत होती." ओट्याला धरून ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तो हात तिथं ठेवायची मला सवय नव्हती हे दोघींनाही कळलं. तरी मी तो काढला नाही.

आता मला एक गोष्ट ठाऊक होती आणि तिला नव्हती. मूळ चित्रकथेत याच्या पुढं एक छोटं प्रकरण आहे, फक्त त्या दुपारचं. दोघी जत्रेला गेल्यावर वडील घरी एकटे, मग शेजारचा तो कोंबडीवाला म्हातारा येऊन त्यांच्यापाशी बसतो. मालिकावाल्यांनी ते प्रकरण अख्खं गाळलं. त्या आठवड्याच्या लेखात मी त्यांना त्यावरून चांगलंच झोडपलं. लेख लिहून झाला आणि मला वाटलं, जिला हे पान दाखवायला हवं तिच्यासाठी मी हे लिहीतच नाही आहे.

दोन दिवसांनी, सकाळच्या कॉफीनंतर, मी टॅबलेटवर ते प्रकरण काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "टीव्हीवाल्यांनी हे दाखवलं नाही. पुस्तकात आहे. बघतेस?"

तिनं चष्मा लावला. मी पान डावीकडून उजवीकडं सरकवलं तर म्हणाली, "हे उलटं का?"

"त्यांचं उजवीकडून सुरू होतं."

"उर्दूसारखं," ती म्हणाली आणि नीट बसली.

त्या पानांवर बोलणं फार नाही. चटई, खिडकी, लांब जाणारी होडी, माणसाचा हात. तोंड कुठंच दाखवलेलं नाही. म्हातारा येतो, बसतो, विचारतो, बोलावू का त्यांना परत? वडील नको म्हणतात. आई प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून विचारत होती, "इथं काय लिहिलंय?" आणि मी सांगत होते. शेवटच्या पानावर नुसती खिडकी आहे आणि एका कोपऱ्यात त्या माणसाचं एकच वाक्य. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"इथं?"

"तो म्हाताऱ्याला विचारतो," मी म्हटलं, "एव्हाना त्या दोघी जेवल्या असतील का?"

तिनं बोट उचललं नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"असं लिहिलंय?"

"हो."

"हौदा? खरंच?" मग चष्मा वर सरकवून, "मग ती तिकडं जेवली ते बरं झालं."

त्यानंतर तिनं मला ते पान मोठं करायला लावलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाली की खिडकी छान काढली आहे. त्या दिवशी जेवताना ती तुमच्याबद्दल बोलली. तुम्ही लग्नानंतर तिला पहिल्यांदा पिरियापट्टणला आत्याकडं नेलंत आणि बसमध्ये तिच्या मांडीवर झोपून गेलात, लोक बघत होते, तिला हलताही येईना. हे मला माहीतच नव्हतं. मग रोजच काहीतरी निघायला लागलं. तुम्ही भेंडीला नाव ठेवायचात, तरी ती करायची. तुम्ही तिच्या साडीचा रंग दुकानातल्या बायकांना सांगून टाकायचात. मी इतकी वर्षं जिला कोरडी समजत होते ती बाई जेवताना बोलत होती आणि माझा हात ताटात वाळत होता.

मालिका संपली. आईनं ती शेजारच्या कन्नड बाईंना सगळी सांगितली, पहिल्यापासून. मी दारातून ऐकत होते. होडीवाली, म्हातारा, कोंबडी, जत्रा. आणि शेवटी ते वाक्य, कन्नडमध्ये, फार चांगलं सांगितलं तिनं, त्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. "टीव्हीवर नाही हं ते," आई म्हणाली, "पुस्तकात आहे. मूर्खांनी तेवढंच गाळलं." संध्याकाळी मला म्हणाली, "तू लिही की यावर. अख्ख्या गोष्टीत चांगलं वाक्य ते एकच होतं." मी हो म्हटलं. लिहिलं नाही. अजून दर रविवारी विचारते, लिहिलंस का, आणि मी नवीन मालिका लावून देते. सध्याची एका बेकरीवर आहे. तिला त्यातला पाव कच्चा वाटतो.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. घरात आईच्या हाताला लागेल असंही ठेवणार नाही, कारण अप्पा, ते वाक्य पुस्तकात नाही. खिडकीच्या त्या पानावर तो माणूस म्हाताऱ्याला इतकंच विचारतो, "ओहोटी लागली का?" तिचं बोट त्यावर होतं आणि माझ्या तोंडातून दुसरंच बाहेर आलं. आधी ठरवलं नव्हतं. तुमच्यातर्फे बोलले, तुम्हाला न विचारता. तुम्ही त्या दुपारी कुणाला काय विचारलंत, ते मला माहीत नाही. कदाचित तुम्हीही ओहोटीचंच विचारलं असेल.