तुझ्या उंचीचा ओटा

प्रिय आम्रपाली,

गाडीतला पलंग, पाण्याची टाकी, खिडक्यांच्या जाळ्या आणि तुझ्या उंचीचा ओटा, सगळं मी माझ्या हातांनी केलं, कुणाकडे न शिकता. हिवाळाभर आपण तिच्यातूनच फिरलो. लॅपटॉपवरचं तुझं कामही तिच्यातच चाललं. नागपूरला भाग्यश्रीकडे उतरलो आणि तू म्हणालीस, "अहो, तुम्ही व्हा पुढे. मला मैत्रिणीजवळ राहू द्या थोडं."

थोडं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. कात्रजला परतल्यापासून घर सोडून गाडीतच झोपतो, झोप लागत नाही. हे पत्रही टाकणार नाही, बोलावल्यासारखं दिसेल.

विकायला काढलेल्या गाडीला काल गिऱ्हाईक आलं. "काका, ओटा फार बुटका झालाय. तेवढा चार बोटं वर घ्या, गाडी लगेच नेतो."

ओटा बरोबर आहे म्हटलं, आणि त्याला परत पाठवलं. सव्वापाच लाख देत होता.

तुझा,
सुगत