पहिल्या रांगेतले ओठ

३ फेब्रुवारी

ताई स्टेजवर, मी पहिल्या रांगेत. कॉन्व्हेंट शाळेच्या हॉलला फरशीच्या पॉलिशचा वास. ती सातवीत, मी चौथीत. तिचा आवाज असा, की मागच्या बाकांवरच्या मुलीसुद्धा चुळबुळ थांबवायच्या. पण पाठांतर? नावाला नाही! माझं उलटं — सगळं तोंडपाठ आणि आवाज उंदराचा. मग आमचं ठरलेलं असायचं. मी समोर बसायचं आणि आवाज न करता ओठ हलवायचे. ताई माझ्या तोंडाकडे बघत सबंध कविता म्हणायची आणि बक्षीस घेऊन यायची. सिस्टर इतर मुलींना सांगायच्या, "बघा, धाकट्या बहिणीकडे किती मायेने बघते ती!"

आज वर्गात मॅडमनी डोळे मिटून बालपणातलं काहीही आठवायला सांगितलं, तर हेच आठवलं. मी खुदकन हसले. शेजारची चष्मिष कोपराने ढोसून म्हणाली, "मावशी, मार्क जातील!"

६ फेब्रुवारी

अठ्ठावन्नाव्या वर्षी क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.ए. करायचं म्हणजे एक शाप असतो — जो धडा वाचावा तो रोग अंगाला चिकटतो. चिंतेच्या विकारांचा धडा झाला तेव्हा मला सगळेच्या सगळे झाले होते. लेक फोनवर म्हणते, "आई, तुझ्या वयाची माणसं गुडघे बदलतात. तू करिअर बदलतेस!"

आता स्मृतिभ्रंशाचा धडा चालू आहे. आणि यावेळी रोग मला चिकटत नाहीये. पलीकडच्या खोलीत जातोय.

लिहावं की नाही? कागदालाच तर सांगतेय.

ताई निवृत्त झाली, ह्यांच्यामागे मी एकटी पडले, तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. ती पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अर्धं शहर तिचा आवाज ओळखायचं. गेल्या आठवड्यात दाराची बेल वाजली. तिने दार उघडलं आणि इस्त्रीवाल्याला म्हणाली, "कुठला नंबर हवा?" तो हसला. मी हसले. ती पण हसली — पण आमच्यानंतर. आमच्याकडे बघून.

११ फेब्रुवारी

लेकीला आडून आडून विचारलं. म्हणाली, "मावशीला कधी काय लक्षात राहिलंय? स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचली होती ना ती!" खरं आहे. हॉलचा पत्ता विसरली होती. नवरदेव म्हणे दारातच उभे, "येईल, येईल" म्हणत. बिचारे लवकर गेले, पण त्यांना तिचा विसरभोळेपणा फार आवडायचा.

पुस्तक म्हणतं, माणूस पूर्वी कसा होता त्याच्याशी ताडून बघा. इथेच तर घोडं अडतं. पूर्वीही विसरायची, आताही विसरते. जुनं विसरणं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते कोणत्या पानावर लिहिलंय?

१३ फेब्रुवारी

स्मरणाच्या चाचणीचा सराव करायचा आहे. कोणा तरी ओळखीच्या माणसावर, आणि तो कॅमेऱ्यात टिपून मॅडमना दाखवायचा. कॅमेरा मात्र चाचणी घेणाऱ्याकडे तोंड करून ठेवायचा — परीक्षा आमची असते. नियम शाळेतल्यासारखेच कडक. चेहरा कोरा. "हं" म्हणायचं नाही, मान हलवायची नाही, "शाब्बास" तर नाहीच नाही. चष्मिष म्हणाली, "म्हणजे माझ्या बाबांसारखं वागायचं!"

मॅडमनी बजावलं, घरच्यांवर केलीत तर तो नुसता सराव. त्यातून निदान करायचं नाही.

मी मान डोलावली. आणि मनात कधीच ताईला खुर्चीवर बसवलं होतं.

१५ फेब्रुवारी

पाचपैकी पाच!! कंदील, मांजर, शाल, पूल, लिंबू. मध्ये घड्याळ काढायला लावलं, वजाबाक्या विचारल्या, इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हटलं, "मघाशी सांगितलेले शब्द आठवतात का?" ताई माझ्याकडे बघत, सावकाश, एकेक शब्द, अगदी ऑपरेटरच्या सुरात — पाचही! घड्याळाचे काटे जरा भलतीकडे गेले, पण चित्रकला तिची कधी धड होती? मी तिला मिठीच मारली. (नियम मोडला. पण चाचणी संपली होती.)

"पास?" तिने विचारलं.

"पास, पास!"

"चला. जीव भांड्यात पडला," म्हणाली. "साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण आपल्या घरात साठी आली की बुद्धी कॉलेजात जाते!"

किती दिवसांनी शांत वाटतंय. उगाच राईचा पर्वत केला.

१८ फेब्रुवारी

आजचं हे अक्षर बघून सिस्टर रागावल्या असत्या.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. वयाने लेकीपेक्षा लहान आहेत, पण त्यांच्यासमोर मी आपोआप उठून उभी राहते. म्हणाल्या, "सूचना स्पष्ट होत्या, वेग बरोबर होता. आता एक करू या. आवाज बंद करून बघू या."

पडद्यावर मी. "आठवतात का?" म्हणून मी गप्प बसते. आणि मग — माझे ओठ हलतात. कं-दी-ल. थांबतात. मां-ज-र. अगदी बारीक, दुसऱ्या कुणाला कळणारही नाही. पाचही शब्द. आवाजाशिवाय.

मला काहीही ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं! चेहरा कोरा ठेवलाय अशीच माझी समजूत होती.

"नवीन विद्यार्थ्यांचं होतं असं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण समोरच्याला सहसा ते वाचता येत नाही. यांना कसं आलं?"

मी काय सांगू? गेली पन्नास वर्षं ती माझे ओठ वाचतेय म्हणून?

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी सगळं सांगितलं — हॉल, पहिली रांग, कविता. त्या हसल्या नाहीत. "मग या पाच शब्दांवरून आपल्याला काहीच कळत नाही," म्हणाल्या. "ना चांगलं, ना वाईट. सराव दुसऱ्या कुणावर तरी करा. आणि बहिणीला न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत न्या. विद्यार्थिनी म्हणून नाही, बहीण म्हणून."

१९ फेब्रुवारी

चष्मिषच्या काकांवर सराव केला. काका पाच शब्दांना सात सांगत होते, दोन स्वतःच्या पदरचे. मी जिभेचं टोक दातांत धरून बसले. ओठ हलले नाहीत. जीभ मात्र सोलवटली.

२१ फेब्रुवारी

ताईला अजून बोलले नाही. सकाळपासून तिच्यावर पाळत ठेवून आहे. चहात साखर दोनदा घातली — विसर की गोडाची आवड? चष्मा शोधत होती, चष्मा डोक्यावर. पण तसा माझाही असतो. किल्ली बरोबर लावली. धोब्याचा हिशेब बरोबर. शेजारीण आजारी असल्याचं विसरली. की मी सांगितलंच नव्हतं?

शेवटी तीच म्हणाली, "चिमे, तू माझ्याकडे असं बघू नकोस. दुकानात चोर शिरल्यावर मालक बघतो तसं बघतेस."

२२ फेब्रुवारी

सांगितलं. भाजी निवडताना, मान वर न करता.

"दवाखान्यात? कशाला? पास झालो की आपण!"

"ताई, मी ओठ हलवले होते गं."

"मग?" तिला खरंच कळेना. "नेहमीच हलवतेस."

२५ फेब्रुवारी

अपॉइंटमेंट मिळाली. मार्चच्या पाच तारखेची. तोवर माझ्या काळजाचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. अभ्यास शून्य. ‘चिंता’ या विषयावर टिपण द्यायचं आहे. आरसा लावून देऊ का?

५ मार्च

लांब कॉरिडॉर, भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, नंबर पुकारणारी बाई. ताई तिचं ऐकून माझ्या कानात म्हणाली, "आवाजात दम नाही हिच्या. आमच्याकडे एक दिवस टिकली नसती."

डॉक्टरांनी तपासलं, मग आतल्या खोलीत सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. दोन-तीन वर्षांनी मी जे काम करीन म्हणते, ते करणारी बाई. केस पांढरे, टेबल स्वच्छ, हातात पेन्सिल. मी बाहेर थांबायला वळले, तर ताईने माझा पदर धरला. "ही समोर बसेल. तरच मी." त्या बाईंनी तिला समजावलं, पण ताई ऐकेना. शेवटी मला म्हणाल्या, "बसा. पण तुम्ही इथे नाही आहात असं समजा."

त्यांनी पाच शब्द वाचले. मी मनात धरायचे नाहीत म्हणून ठरवलं होतं. पण पाठांतर म्हणजे खोडच ना माझी — धरलेच गेले. मग आकडे झाले, चित्रं झाली. आणि मग तो प्रश्न.

ताई आधी टेबलाकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. वाट बघत. चेहऱ्यावर भीती नव्हती. कशाला असेल? मी होते ना पहिल्या रांगेत.

मला पाचही येत होते.

मी दात आवळून धरले. ती बघत राहिली. एकदा भुवया उंचावल्या — ‘चल की!’ — अगदी शाळेत करायची तशा. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

"एक... एक नाव फुलाचं होतं बहुतेक," ताई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "नाही बाई."

त्यात फूल नव्हतं.

परतताना रिक्षात ती माझा हात थोपटून म्हणाली, "जाऊ दे गं. आज तू पाठ करून आली नव्हतीस, इतकंच!"

८ मार्च

कॉलेजला गेले नाही.

१२ मार्च

स्कॅन झालं, रिपोर्ट आले. जुना विसरभोळेपणा नाही. नवं आहे. सुरुवात आहे, गोळ्यांनी थोडं सावरता येईल, घरच्यांनी समजून घ्यावं. सगळं धड्यात होतं तस्संच. शब्दन् शब्द. मला तर पाठच होतं.

ताईसमोरच सांगितलं डॉक्टरांनी. तिने ऐकून घेतलं. मग मलाच विचारलं, "म्हणजे तुझे मार्क जाणार?"

"माझे कशाला जातील?"

"अगं, तेव्हा घरी कॅमेरा लावला होतास. तुझीच परीक्षा आहे म्हणालीस ना? मला त्यातलं एकही आठवत नव्हतं. म्हटलं, माझ्यापायी ही बसायची नापास! म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत होते तुझ्या तोंडाकडे. नाहीतर मला कशाला हवेत कंदील नि मांजरं?"

म्हणजे मी तिला तारत होते आणि ती मला.

डॉक्टर फाइल चाळत राहिले. आम्ही दोघी हसत होतो की रडत, त्यांना कळलं नसावं. मलाही नाही.

१६ मार्च

आज सकाळी चहा झाल्यावर ताई म्हणाली, "चिमे, वही आण. कुणाला काय द्यायचं ते आठवतंय तोवर लिहून घे." लिहिलं.

एक्स्चेंजमधला हेडफोन तुझ्या वर्गातल्या त्या चष्मेवालीला, पोरगी ऐकून घेणारी आहे. शिलाई मशीन तुझ्या लेकीला, तिला येत नाही पण शिकेल. बक्षिसाचे कप इस्त्रीवाल्याच्या मुलीला, पण सांग तिला, ते दोघींचे होते. मरून शाल आईला. तिला पहाटे गारठा सोसत नाही.

आई जाऊन वीस वर्षं झाली. मी लिहून घेतलं — ‘मरून शाल, आईला’. खोडलं नाही.

"आणि मला काय?" मी विचारलं.

"तुला कशाला? उलट मलाच तुझ्याकडून हवंय." ती माझ्याकडे सरकून बसली, चष्मा लावला, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "परीक्षा संपली ना? मग आता हलव."