बेकर्सफील्डची किंकाळी

सोमवार, ४ मार्च २०२४

मिळाली! मालिका मिळाली! — म्हणजे जवळजवळ. दोन वर्षं ज्या चॅनेलचे उंबरठे झिजवले, तिथल्या किम्बर्ली ओदाबाईंनी आज स्वतः फोन केला. भुतांच्या सिनेमातल्या निवृत्त नट्या मिळून एक मोटेल चालवतात, ही कल्पना वरच्या साहेबांना आवडली. आठ भाग. आणि निर्माती मी! साठीला तीन महिने राहिलेत आणि मी स्वयंपाकघरात अशी नाचले, की कुत्रा टेबलाखाली जाऊन बसला.

अट एकच. शुक्रवारी साहेबलोकांसमोर पहिल्या भागाचं वाचन आहे. त्याच्या शेवटी मी उभं राहून माझ्या जुन्या सिनेमातली ‘ती’ किंकाळी मारायची. “तीच तर आम्ही विकत घेतोय,” बाई म्हणाल्या.

मी हो म्हणाले. हसत हसत म्हणाले. मूर्ख!

मंगळवार, ५ मार्च

वहीत तरी खरं लिहावं. ती किंकाळी माझी नाहीच.

१९८७. ‘तळघरातलं बिऱ्हाड’. बेकर्सफील्डच्या एका घरात अठरा दिवसांत उरकलेला सिनेमा. मला ओरडताच येईना. तोंड उघडलं की खोकल्यासारखं काहीतरी निघायचं. दिग्दर्शक हॅल म्हणायचा, “डेनिस, तुला भूत धरतंय, पडसं नाही.” शेवटच्या दिवशी तर कहर झाला. आमच्या धंद्यात रिवाज आहे — जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांनी अर्धं मिनिट पुतळ्यासारखं उभं राहायचं, आवाजवाला त्या खोलीची नुसती शांतता टेपवर घेतो. पुढे संवादांच्या मागे लावायला. वीस माणसं श्वास रोखून उभी, आणि माझ्या अनवाणी पायावरून उंदीर गेला! शांततेचं वाटोळं झालं. हॅल सगळ्यांदेखत माझ्यावर खवळला, मी गाडीत जाऊन रडले. पुढच्या आठवड्यात कळलं, किंकाळ्यांसाठी त्याने आर्लीन दुब्रोला बोलावलंय. पडद्यामागून ओरडणं हा तिचा पेशाच होता.

तेव्हापासून सदतीस वर्षं तिच्या घशावर मी मिरवतेय. भयपटवेड्यांच्या मेळाव्यांत माझ्यासमोर रांगा लागतात. ओहायोतल्या एका गृहस्थाने माझं उघडं तोंड दंडावर गोंदवून घेतलंय! आणि सिनेमात तो प्रसंग आला, की मी लाजेने पॉपकॉर्न आणायला उठते. आजवर नीट ऐकलेली नाही.

बुधवार, ६ मार्च

गाडीच्या काचा लावून पाच वेळा सराव. सिग्नलला शेजारच्या ट्रकवाल्याने खोकल्याची गोळी दिली. चेरीची होती.

गुरुवार, ७ मार्च

आर्लीन सापडली! रेसीडाच्या वृद्धाश्रमात, त्र्याऐंशी वर्षांची, लाल जेली खात बसलेली. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. वाटलं होतं, चांगली झापणार. छे! म्हणाली, “पोरी, मी कितीजणींच्या बाळंतकळा ओरडून दिल्यात. एकीनेही फुलं पाठवली नाहीत.”

मग वाटी खाली ठेवून तिने एक किंकाळी मारून दाखवली. बाई गं! माझ्या हातावर काटा आला. नर्स दारातून डोकावली आणि आणखी जेली हवी का, एवढंच विचारून गेली.

दोन तास शिकवलं तिने. माझा खोकला तो खोकलाच.

शेवटी ठरवून टाकलं. उद्या तिला घेऊन जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, की किंकाळी हिची, हीच मारेल. मालिका गेली तर गेली. दोन वर्षांची मेहनत आहे, पण हलकं वाटतंय. आर्लीनने फक्त विचारलं, निळा ड्रेस घालू की मोत्याच्या रंगाचा.

शुक्रवार, ८ मार्च, सकाळी — चॅनेलच्या पार्किंगमध्ये

आर्लीनने सिनेमा कधी पाहिलाच नव्हता! “ऐकव तर खरं, म्हणजे तशीच मारते,” म्हणाली, म्हणून फोनवर तो प्रसंग लावला. तिने तीनदा ऐकला.

“ही माझी नाही,” ती म्हणाली. “मी हॅलला अकरा दिल्या होत्या. एकही त्याच्या पसंतीस उतरली नाही. शेवटी म्हणाला, राहू दे, तळघरातली शांतता घेताना एक फुकट मिळालीय, तीच लावतो.”

मी बूट काढलेत. दोघी वर चाललोय.

शुक्रवार, दुपार

वाचन संपलं, मी उभी राहिले. आर्लीनने टेबलाखाली माझ्या अनवाणी पायावरून हळूच काठीचं टोक फिरवलं.

आठ भाग मिळाले. घसा पार बसलाय — माझा!